विमान आहे, पायलट नाही

१

"उस्तादचं विमान पडलं!"

गोडाऊन ओरडत जिना उतरत होता आणि क्लेमकाका धापा टाकत चढत होते. मधल्या पायरीवर दोघांची टक्करच व्हायची, पण काकांनी कठडा धरला.

"पडलं म्हणजे? कुणी पाडलं?"

"मला काय माहीत! टेबलाखाली तुकडे पडलेत नुसते. उस्तादनंच बघितलं पहिलं. बसलाय वर, खुर्चीत."

क्लेमकाकांनी उभा जन्म विमा कंपनीत काढला होता. कुठं गोदाम जळालं, ट्रक उलटला, बोट बुडाली की कंपनी ह्यांना पाठवायची. ज्याचं नुकसान झालंय त्याच्या तोंडाकडं बघायचंच नाही, आधी राखेकडं बघायचं, ही त्यांची सवय. माणूस खोटं बोलतो, राख बोलत नाही, असं ते चारचौघांत मिशीवर हात फिरवत सांगायचे. म्हणून नाव पडलं क्लेमकाका. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं.

गोडाऊनच्या रंगाच्या दुकानावरचा हा हॉल म्हणजे मॉडेलवाल्यांचा, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटी विमानं-जहाजं बनवणाऱ्यांचा क्लब. गोडाऊन अध्यक्ष. त्याच्याकडं सुट्या भागांच्या पेट्या, म्हणजे किटं, न उघडलेली एवढी की घरात पलंगाखालीही तीच, म्हणून तो गोडाऊन. आज वार्षिक प्रदर्शन होतं. संध्याकाळी कप द्यायचा होता. टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यावर रणगाडे, जहाजं, विमानं, आणि सगळीकडं टर्पेंटाईनचा वास. समोरच्या भिंतीवर नवीन पाटी लावलेली होती, लाल रंगात: ज्याचा हात, त्याचा कप. ती पाटी क्लेमकाकांनी स्वतः लिहून घेतली होती.

मधल्या टेबलापाशी उस्ताद खुर्चीत बसला होता. दोन्ही हात पँटच्या खिशात, मान खाली. शाळेपासूनचा दोस्त. सलग कित्येक वर्षं कप त्याच्याच घरी.

"क्लेम्या," तो म्हणाला, "राहू दे रे. पडलं ते पडलं. झाडून घेऊ."

काका गुडघ्यांवर कसेबसे बसले. ते विमान त्यांनी आदल्या दिवशी डोळे भरून पाहिलं होतं. स्पिटफायर, पण चाकांवरचं नव्हे. युद्धाच्या काळात लढाऊ विमानांना चाकांच्या जागी होड्यांसारखे लांबट फ्लोट लावून पाण्यावर उतरवायची खटपट झाली होती. अशी विमानं बनली मोजकीच. फ्लोटमुळं विमान हवेत तोंड फिरवायला बघतं, म्हणून शेपटीखाली एक जादा फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी, लावायची. बाजारात अशा विमानाचं किट सहसा मिळत नाही. साधं स्पिटफायर घ्यायचं आणि फ्लोट हातानं घडवायचे. त्यात उस्तादचा हात धरणारा कुणी नव्हता.

काकांनी एक फ्लोट उचलला. जड होता. नाकाकडं जास्तच जड. त्यांनी तो उलटसुलट केला, मग दुसरा, मग पंख, मग शेपटी. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"उस्ताद," ते हळूच म्हणाले, "हे पडलेलं नाही."

२

"पडलं असतं तर हे जड नाक आधी आपटलं असतं," काका गोडाऊनला खाली दुकानात सांगत होते. "फ्लोटचं टोक चेपलं असतं, पंखाचं टोक उडालं असतं. इथं टोकाला ओरखडासुद्धा नाही. सगळं सुटलंय ते फक्त जोडावरून. जिथं चिकटवलं होतं, बरोबर तिथं. ब्लेड घालून सोडवलंय. आणि अँटेनाची तार? तोडलेली नाही, सोडून गुंडाळून ठेवलीय. हे आपल्यातल्याच कुणाचं तरी काम आहे, अध्यक्षमहाराज."

"आपल्यातला? अहो, आपल्यातला माणूस दुसऱ्याच्या मॉडेलला फुंकर घालताना पण विचारतो!"

"विचारतो. आणि एक गोष्ट बघ." काकांनी भिंग पुढं केलं. प्रत्येक जोडाशेजारी बारीक बारीक ओरखडे होते, ब्लेड घसरल्यासारखे. "जागा माहीत, पण हात घाईत. कुणी येईल ह्या भीतीनं केलंय. काल किल्ली कुणी परत केली?"

किल्ली दुकानातल्या गल्ल्यामागं खिळ्याला असायची. गोडाऊननं इकडंतिकडं बघितलं.

"मिलिमीटर शेवटी होता. वर एकटाच मापं घेत बसला होता. पण काका, तो तसा नाही हो. भांडतो, पण..."

"आणि सकाळी?"

"सकाळी उस्तादच आला. दुकान उघडायची वाट बघत फुटपाथवर उभा होता बिचारा. किल्ली घेतली, वर गेला. बराच वेळ खाली आलाच नाही. मी म्हटलं धूळ-बिळ पुसत असेल. मग मीच वर गेलो, तर हे असं. धक्का बसला असणार म्हाताऱ्याला."

"बसणारच," काका म्हणाले, आणि पुढच्या गोष्टीला लागले. नंतर त्यांना ह्या क्षणाची आठवण झाली की कानशिलं तापायची.

मिलिमीटर वरच भेटला. जमिनीची मोजणी करणं हा त्याचा धंदा, आणि प्रत्येक मॉडेलला पट्टी लावणं हा छंद. त्याच्याबरोबर त्याचे वडील आले होते, पोराचं जहाज बघायला. स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी, एका खुर्चीत अंग चोरून बसलेले.

मिलिमीटर त्या तुकड्यांवर वाकला होता. हात पाठीमागं, कशालाही न लावता.

"काल मी ह्यांना म्हटलं होतं," तो पुटपुटला. "खालची फिन दीड मिलिमीटर लहान आहे. उस्ताद रागावले. म्हणाले, तुझी पट्टी तुझ्या जमिनीला लाव. पण फ्लोट, काका! फ्लोट काय केले होते हो. मी एवढा वेळ बसलो ते फिनसाठी नाही, फ्लोटसाठी. घरी जावंसंच वाटेना."

"तुकडे सगळे आहेत?" काकांनी सहज विचारलं.

मिलिमीटरनं एकदा नजर फिरवली.

"विमान सगळं आहे. पायलट नाही."

३

कॉकपिटमध्ये बसलेला तो नखाएवढा माणूस खरंच कुठं नव्हता. चादरी झटकल्या, झाडूचा कचरा चाळला, टेबलं हलवली. नाही म्हणजे नाही.

आणि काकांच्या डोक्यात सगळं खटाखट बसलं. जसं नोकरीत बसायचं, अगदी तसं. ती चव ते विसरले नव्हते. समोरचा माणूस घाम पुसायला लागतो आणि आपण फाईल मिटतो.

सगळे मेंबर जमले होते. काकांनी चष्मा काढला.

"बघा मंडळी. काम मॉडेलवाल्याचं. काल वर एकटा कोण होता? मिलिमीटर. भांडण कुणाशी झालं? मिलिमीटरचं, फिनवरून. आणि पायलट नाही हे आधी कुणाला सुचलं? आम्ही सगळे तासभर बघतोय, कुणाला पत्ता नाही. ह्यानं नुसती मान फिरवली आणि सांगितलं. ज्यानं नेला त्यालाच ते आधी आठवणार."

"मी मोजतो, काका," मिलिमीटर म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "मला दिसतंच तसं. मी दिवसभर तेच करतो."

"खिसे दाखव."

हे बोलून झाल्यावर काकांना स्वतःलाच जरा जास्त झाल्यासारखं वाटलं. पण शब्द गेला होता. मिलिमीटरनं सगळ्यांसमोर खिसे उलटे केले. रुमाल, पट्टी, बसचं तिकीट. पायलट नव्हता.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्याचे वडील उठले होते. त्यांनी टोपी नीट केली, पोराच्या दंडाला हात लावला.

"चल. घरी जाऊ."

"बाबा, मी नाही केलं."

"मी कुठं म्हटलं तू केलंस? चल."

 उस्ताद खिडकीशी पाठमोरा उभा होता, हात खिशातच. त्याच्यासमोरचा चहा तसाच गार झाला होता, कपाला बोटही लागलेलं नव्हतं.

गोडाऊननं घसा खाकरला. "संध्याकाळी कप द्यायच्या आधी काका शेवटचं सांगतील. तसंच असेल तर क्लबातून नाव कमी करावं लागेल. कारण फळ्यावर लिहून. क्लबची घटनाच आहे तशी."

जाताजाता काकांनी एक फ्लोट रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. का, ते सांगता आलं नसतं. सवय.

४

घरी काका जेवायला बसले, पण मन ताटात नव्हतं. त्यात वरची कवळी टोचत होती. नवीन केलेली, हिरडीला एका जागी घासत होती. काकांनी ती काढून वाटीतल्या पाण्यात टाकली आणि फ्लोट खिडकीच्या उजेडात धरला.

"जेवताना ते खेळणं कशाला?" काकू म्हणाल्या.

"खेळणं नाही, पुरावा आहे."

"कुणाविरुद्ध?"

काकांनी सांगितलं. खिशांचंही सांगितलं. काकूंनी ताट पुढं ओढलं आणि नुसतं एवढंच म्हटलं, "म्हाताऱ्या बापासमोर?"

काका फ्लोटकडं बघत बसले. जिथं फ्लोटचा पाय विमानाला जोडला होता तिथं ब्लेड खोल घसरलं होतं. राखाडी रंगाचा पापुद्रा उडाला होता, त्याखालचा प्लास्टिकचा पातळ पत्राही सुटला होता. आत पोकळी असायला हवी होती. तिथं काहीतरी भरीव होतं. गुलाबी.

मॉडेलवाला फ्लोट भरलाच तर भरतो कशानं? पुट्टीनं. पुट्टी पांढरी, नाहीतर राखाडी. हे गुलाबी चकचकीत होतं, कडक, त्यात बारीक लाल दोरे. काकांना वाटलं हे आपण रोज बघतो. कुठं बघतो?

वाटीत त्यांची कवळी पडली होती. त्यांनी ती उचलली, निथळली आणि फ्लोटशेजारी धरली.

गुलाबी तोच. लाल दोरे तेच.

काकू बघत राहिल्या. "अगं बाई! विमानाला हिरड्या कुठून आल्या?"

काकांनी कवळी तोंडात बसवली आणि चपला शोधायला लागले. ही कवळी कुठं बनली ते त्यांना माहीत होतं. दाताच्या डॉक्टरनं माप घेतलं, पण बनवून आणली ती उस्तादच्या सुनेच्या लॅबमधून. घरचीच म्हणून तिनं पैसेही घेतले नव्हते.

५

लॅब म्हणजे एक लांबट खोली. फडताळांत प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, जणू काही सगळं गाव तोंड उघडून बसलंय. सूनबाई ॲप्रन घालून दिव्याखाली बसली होती. बोटांत एक दात, दुसऱ्या हातात सुईएवढं हत्यार. काका आले तरी हात हलला नाही. दात जागेवर बसला, मगच तिनं मान वर केली.

"टोचतंय ना काका? मला वाटलंच होतं. बसा, घासून देते."

"टोचतंय. पण ते नंतर." काकांनी रुमाल उलगडला.

तिनं फ्लोट बघितला आणि उठून उभीच राहिली.

"हा सुटा का आहे?"

"सगळंच सुटं आहे. कुणीतरी सोडवलं."

तिनं फ्लोट दोन्ही तळहातांवर घेतला. काका तिच्याकडं बघत होते. नोकरीत त्यांनी घर जळालेल्या बायका बघितल्या होत्या. हा चेहरा तसाच होता. उस्तादचा सकाळचा चेहरा तसा नव्हता. तो दुसरा कसला तरी होता, आणि कसला ते काकांना आत्ता कळायला लागलं.

"तू केलंस हे?"

तिनं दाराकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हापासून. आधी नुसता रंग द्यायचे मी, मग कापणं, मग सगळंच. ते शेजारी बसून सांगायचे, इथं कानस मार, इथं थांब. सासूबाई गेल्यावर तेवढाच वेळ ते बोलायचे हो काका. त्यांचा मुलगा तर बोटीवर, वर्षातून एकदा येतो. मला कप नको होता. त्यांनी सकाळी उठून टेबलाशी बसावं, एवढंच हवं होतं."

"आणि हे तोडलं कुणी असेल?"

तिनं फ्लोट दिव्याखाली धरला. जोडाशेजारचे ते ओरखडे. घाईचे, असं काकांनी शपथेवर सांगितलं असतं. तिनं त्यांवरून अंगठा फिरवला. सगळे ओरखडे एकाच लांबीचे होते, एकाला एक लागून, शिवणीच्या टाक्यांसारखे. घाईत ब्लेड एकदा घसरतं. इथं ते प्रत्येक वेळी, त्याच हेलकाव्यानं घसरलं होतं.

"ही घाई नाही काका," ती म्हणाली. "हा बाबांचा हात आहे."

आणि मग तोंडावर ॲप्रन धरून ती खाली बसली.

६

उस्तादनं घराचं दार उघडलं आणि काकांच्या पिशवीकडं बघूनच बाजूला झाला.

टेबलावर चिमटे, कानशी, रंगांच्या बाटल्या. दोन खुर्च्या, शेजारीशेजारी. ही दुसरी खुर्ची काकांनी कित्येकदा बघितली होती, तिच्यावर बसून चहाही प्यायले होते. कुणाची, हे कधी विचारलं नव्हतं.

चष्म्याच्या उघड्या डबीत, मऊ कापडावर, नखाएवढा पायलट आडवा पडला होता.

"एवढाच माझा होता," उस्ताद म्हणाला. "हात बरा होता तेव्हाचा. डोळ्यांतल्या बाहुल्यासुद्धा रंगवल्यात बघ. बाकी सगळं पोरीचं. याला तिथं टाकवेना."

"अरे पण का?"

"का विचारतोस? तू?" उस्तादनं हात खिशातून काढून समोर धरले. वाऱ्यावरच्या कागदासारखे ते हलत होते. "मागच्या मीटिंगला कोण उभं राहिलं? लोक बाहेरून करून आणतात, म्हणून कप घेण्याआधी एक तुकडा सगळ्यांसमोर टेबलाशी बसून स्वतः लावून दाखवायचा. ज्याचा हात, त्याचा कप. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. न वाजवून करतो काय?"

काकांना त्या दुसऱ्या खुर्चीवर बसवेना, म्हणून ते खिडकीच्या कट्ट्यावर टेकले.

"मला सांगायचं होतंस."

"तुला? तू खिसे तपासणारा माणूस. पहिल्या वर्षी वाटलं, एकदाच. मग कप आला, पेपरात फोटो आला, पोरगी म्हणाली, बाबा, तुमचंच आहे. गोड लागलं रे. मग सांगायचं कुठल्या तोंडानं? आज सकाळी वाटलं, मोडलं तर बसावं लागणार नाही. आपटून टाकावं म्हणून उचललं, आणि आपटवेना. म्हणून एकेक सोडवलं. तिचं काम, आणि मी..."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग उस्ताद जमिनीकडं बघत म्हणाला,

"क्लेम्या, त्या मिलिमीटरचं नाव राहू दे ना. तो तसाही सगळ्यांना नकोसा आहे. कुणाला नवल वाटणार नाही. मी पुढच्या वर्षीपासून येणार नाही, शपथ. पोरीचं नाव कुठं यायला नको."

काका पिशवीकडं बघायला लागले. कारण हाच विचार लॅबमधून इथं येताना, वळणावर, त्यांच्याही मनात येऊन गेला होता. दोस्त वाचतो, आपला तपास खरा ठरतो, आणि जातो कोण, तर एक पट्टीवाला. तो विचार दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याचा वास आला.

उस्तादलाही आला असावा. त्यानं तोंड फिरवलं.

"त्याचा बाप उठला," काका शेवटी म्हणाले. "टोपी नीट केली त्यानं. बघितलंस?"

"पाठ होती माझी."

"मी बघितलं."

७

संध्याकाळी हॉल भरला होता. मिलिमीटर आपलं जहाज खोक्यात भरून दाराशी उभा होता. वडील खाली दुकानाबाहेर थांबले होते, वर यायला तयार नव्हते. मधल्या टेबलावर विमानाचे तुकडे कुणीतरी नीट मांडून ठेवले होते.

"बोला काका," गोडाऊन म्हणाला. "नाव सांगा, मग पुढं जाऊ."

काका उठले. समोर ती पाटी होती, लाल रंगातली.

"सकाळी मी जे बोललो ते खोटं," ते म्हणाले. "यानं काही केलेलं नाही. तो वर बसला होता तो काम आवडलं म्हणून. आपण सगळ्यांनी बघितलं आणि पायलट नाही हे एकालाही दिसलं नाही. त्याला दिसलं, तर मी त्याला चोर केला. बापासमोर खिसे उलटे करायला लावले. मी माफी मागतो. खाली जाऊन त्यांचीही मागेन."

मिलिमीटरनं खोकं दुसऱ्या हातात घेतलं. 

"मग कुणी तोडलं?" मागून कुणीतरी विचारलं.

काकांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं फाईलीत लिहिली होती, आणि आज एक नाव ओठांवरून पुढं सरकेना. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. "म्हणजे काकांनाच माहीत नाही." "सकाळी तर फार जोरात होते." काका उभेच राहिले. ऐकत राहिले.

मग शेवटच्या रांगेतून उस्ताद पुढं आला. सावकाश, दोन्ही हात उघडे ठेवून, सगळ्यांना दिसतील असे. त्यानं चष्म्याची डबी टेबलावर ठेवली. ठेवताना ती टेबलावर टकटक वाजली, थांबेचना.

"मी तोडलं," तो म्हणाला. "माझं नव्हतं म्हणून. हे नाही, आणि मागचे कपही नाहीत. हात बघा. ह्या हातांनी विमान होतं का? सुनेनं केलं. मी फोटो काढून घेतले."

 ह्याच माणसाकडून हे सगळे चिमटा धरायला शिकले होते. एकजण उगाच आपल्या रणगाड्यावरची धूळ पुसायला लागला.

दाराशी सूनबाई उभी होती, ॲप्रनमध्येच. कधी आली कुणाला कळलं नाही. दारातच मिलिमीटर होता. त्यानं खोकं खाली ठेवलं, एक खुर्ची ओढून मधल्या टेबलापाशी आणली.

"बसा ताई." मग राहवलं नाही. "ती खालची फिन दीड मिलिमीटर लहान आहे."

"माहितीय," ती म्हणाली. "मी बाबांना म्हटलं होतं. ते म्हणाले, कुणाला कळणार आहे."

"मला कळलं."

"हो ना. म्हणून दुसरी करून आणलीय." तिनं ॲप्रनच्या खिशातून कागदाची पुडी काढली.

एक-दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. हसायचा हक्क आपल्याला नाही, असं वाटलं असावं.

ती कामाला बसली. एवढ्या लोकांसमोर, दिव्याखाली. पाय फ्लोटवर, पंख धडावर. जिथं ओरखडे होते तिथं तिनं रंग लावला नाही, तसेच राहू दिले. उस्ताद तिच्या शेजारी उभा होता. पायलटची वेळ आली तेव्हा ती थांबली आणि चिमटा त्याच्यापुढं धरला. त्यानं घेतला. हात हेलकावत कॉकपिटपर्यंत गेला, काठाला लागला, मागं आला. पुन्हा गेला. सगळा हॉल जमिनीकडं बघत होता. तिसऱ्यांदा त्यानं चिमटा तिच्याकडं परत दिला, आणि तिनं पायलट जागेवर ठेवला.

गोडाऊननं कप उचलला, इकडंतिकडं बघितलं आणि पुन्हा खाली ठेवला. कुणाला द्यायचा हे घटनेत नव्हतं.

क्लेमकाका भिंतीपाशी गेले आणि खुर्चीवर चढून ती पाटी काढायला लागले. एक खिळा निघेना. ते ओढत राहिले.

"काका," मागून आवाज आला.

सूनबाई हात पुसत जवळ आली होती. सगळे बघत होते. तिनं आवाज अगदी खाली आणला, घरातल्यासारखा.

"दुपारी तुम्ही तसेच गेलात. दात टोचतात ना अजून?"

पाटी हातात धरून काका खुर्चीवर उभे होते. उत्तर द्यायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंडात तिचंच काम होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि नुसती मान डोलावली.